जिभाऊ आणि बांचा ट्रॅक्टर

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवी गाडी घेतली की पेढे वाटायच्या आधी ती जिभाऊंना दाखवायची पद्धत होती, आणि दाखवणाऱ्याचा दर वेळी विरस व्हायचा. जिभाऊ रंगाकडे बघायचे नाहीत, शिटांवर हात फिरवायचे नाहीत, किती ॲव्हरेज देते हे विचारायचे नाहीत. पार्किंगच्या मधोमध हाताची घडी घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पह्यले थांबी दखाड. मंग चाली दखाड." आधी थांबून दाखव, मग चालवून दाखव. गाडीवाला बिचारा फुलांच्या हारासकट पुढे जायचा, ब्रेक दाबायचा, मागे यायचा, पुन्हा दाबायचा. चौथ्या-पाचव्या फेरीला जिभाऊ मान डोलवायचे. मगच पेढा तोंडात जायचा.

पर्वत पाटियाजवळच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही समोरासमोर राहायचो. मी मूळची जालन्याकडची, लग्न होऊन सुरतेला आले आणि इथल्या मराठी शाळेत शिकवायला लागले. शाळेतली निम्मी मुलं खान्देशातली, त्यामुळे अहिराणी मला कळते. बोलायला गेले की मात्र जिभाऊ कानात बोट घालून हलवायचे आणि म्हणायचे, "बाई, तुम्ही आपली पुस्तकातली बोला." त्यांचं खरं नाव सुकलाल. सुमनवहिनी सोडून ते कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटत नाही, आणि वहिनी ते नाव घेत नसत.

माझ्या स्कूटीचा ब्रेक एकदा कुईकुई करायला लागला. जिभाऊंनी ऐकलं आणि रविवारी सकाळी मला खाली बोलावून घेतलं. मला वाटलं, स्क्रू-बिक्रू पिळून देतील. त्यांनी खडूने जमिनीवर रेघ मारली आणि रेघेवर गाडी थांबवून दाखवा म्हणाले. मी तिन्ही वेळा रेघ ओलांडली. तिसऱ्यांदा तर वॉचमनच्या खुर्चीपर्यंत गेले. सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी. जिभाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, गाडीमा काही खोट नही. तुम्ही ब्रेक मारत नही, ब्रेकले विनंती करतस." वीस वर्षं वर्गावर ओरडणारी मी, आणि बिल्डिंगभर हे वाक्य झालं माझ्या नावावर. राग आला होता. पण त्या दिवसापासून मी ब्रेक मारायला शिकले हेही खरंच.

त्यांना हे ब्रेकचं वेड कुठून लागलं, असं कुणी विचारलं तर ते कापड विणायचा माग दाखवत. म्हणजे हवेत हातांनी माग काढून दाखवत. बाकीचे कारागीर माग चालवायचे, जिभाऊ मागांचे मास्तर होते, बिघडलेला माग दुरुस्त करणारे. चाळीस माग एका शेडमध्ये खडखडत असताना कुठला आजारी आहे हे ते दारातून सांगायचे म्हणे. मागाला ब्रेक असतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं. धागा तुटला की माग त्याच क्षणी थांबला पाहिजे. दोन फेरे जास्त गेला तरी कापडाला डाग. "चालाले तो मोटर शे," ते म्हणायचे, "थांबाले मी होतो."

सकाळी शेडमध्ये शिरलं की त्यांचा एक नेम होता. मागाच्या लाकडी चौकटीला हात लावून तो कपाळाला लावायचा, मग लांब चोचीची तेलाची कुप्पी घेऊन पहिल्या मागापासून शेवटच्यापर्यंत फिरायचं आणि प्रत्येक सांध्यात तीन-चार थेंब सोडायचे. मग मोटर सुरू. पस्तीस वर्षांत एकही सकाळ चुकली नाही. पुढे शेठने पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारी नवी मशिनं आणली, त्यांच्याबरोबर त्यांचे पँट-शर्टातले इंजिनीअर आले, आणि जुने माग वजनावर भंगारात गेले. जिभाऊंनी घरी आणली ती फक्त कुप्पी. ती त्यांनी देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली. सुमनवहिनींनी विचारलं, हिला हळदकुंकू वाहायचं का? तेव्हा जिभाऊ पहिल्यांदाच आणि शेवटचं वहिनींवर चिडले, असं वहिनीच सांगतात.

त्यानंतरचे काही महिने जिभाऊ नुसते बसून असायचे. म्हणजे जिना चढायचे, उतरायचे, लिफ्टच्या दाराला हात लावून आवाज ऐकायचे, लोकांच्या खुर्च्या हलवून बघायचे. स्वतःच्या घरातला मिक्सर मात्र बंद पडून होता. त्याकडे ते बघायचे नाहीत. वहिनी पाट्यावर चटणी वाटताना मोठ्याने म्हणायच्या, "गावना सगळा यंत्र यास्ले दिसतस, घरना मिक्सर दिसत नही." जिभाऊ त्यावर अगदी निरागसपणे, पाट्यावरच्या ठेच्याची चवच वेगळी, असं म्हणून भाकरी पुढे करायचे.

आमच्याकडे हिवाळ्यात गूळ घेऊन येणारे हसमुखभाई म्हणून एक गृहस्थ होते. बारडोलीजवळ त्यांची ऊसशेती. त्या वर्षी ते ऑगस्टातच, राहिलेला गूळ संपवायला आले, आणि चहा पिता पिता त्यांच्या आईची तक्रार सांगू लागले. आई, म्हणजे शांताबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गोठ्याशेजारी त्यांच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेला एक लाल ट्रॅक्टर उभा. बा तो स्वतः चालवायच्या, त्या काळात, साडीचा पदर खोचून. हसमुखभाईंनी हौसेने त्याचं एंजिन नीट करून घेतलं, रंग दिला. पण ब्रेक लागेनात. शेत कालव्याच्या पलीकडे. कालव्यावरचा छोटा पूल ओलांडून बांधावर चढायचं आणि पुढे पाण्याच्या कडेकडेने शेतात जाणारा तीव्र उतार. दोन मिस्त्री येऊन गेले, या मॉडेलचं सामान आता मिळत नाही म्हणाले. एकदा ट्रॅक्टर त्या उतारावरून माणूस नसताना सुटला आणि पाण्यापासून दोन हातांवर अडकला.

"बाला गुडघ्यांमुळे पायी जाववत नाही," हसमुखभाई म्हणाले. "मोटारीत बस म्हटलं तर म्हणते, खेतरमां मोटर लईने जवाय? शेतात का कुणी मोटारीने जातं? दोन वर्षांत तिने स्वतःचा ऊस बघितलेला नाही. तिला एकच ध्यास, ट्रॅक्टरवर बसून उसात जायचं. आणि मला वाटते भीती. हायवेवरचा एक हॉटेलवाला मागतोय. एंजिन काढून, लाइटच्या माळा लावून दारात उभा करणार. देऊन टाकतो."

समोरच्या दारात जिभाऊ केव्हा येऊन उभे राहिले होते ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "थांबत नही ना? चालस ना?"

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने ते बारडोलीला गेले. बरोबर डबा, हत्यारांची पिशवी आणि देवघरातून काढलेली कुप्पी.

पुढच्या रविवारी सुमनवहिनी मला घेऊन नवरा नेमकं काय करतोय ते बघायला गेल्या. जिभाऊ ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी तोंडाला रुमाल बांधून बसले होते. चाक उतरवलेलं, ब्रेकचा ड्रम गंजून असा बसला होता की तो काढायलाच त्यांना दोन दिवस लागले होते. आतली धूळ ते ओल्या फडक्याने पुसत होते, फुंकर मारायची नाही म्हणून आम्हालाही दम दिला. झिजलेल्या ब्रेक-शूवर नवं लायनिंग कुठे मिळेना, तेव्हा त्यांनी सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून त्या मापाचा पट्टा मिळवून आणला, घासून गोलाई आणली आणि एकेक रिव्हेट ठोकून बसवला. रिव्हेटचं डोकं वर राहिलं तर ड्रमला ओरखडा पडेल, म्हणून प्रत्येकावरून डोळे मिटून अंगठा फिरवत होते.

शांताबा बाजूला खाटेवर. पांढरी साडी, गुडघ्यांवर एरंडाची पानं बांधलेली, आणि नजर जिभाऊंच्या हातांवर. जिभाऊंना गुजराती येत होतं, पण ते त्यात अहिराणी आणि हिंदी मोकळ्या हाताने घालत. बा शुद्ध गुजराती बोलत. दिवसभर दोघांचं बोलणं सुरू असायचं. जाताना बा रोज एकच प्रश्न विचारायच्या, "भाई, ऊभुं रहेशे ने?" थांबेल ना? आणि जिभाऊ म्हणायचे, "बा, चिंता नहीं करवानी."

गंमत म्हणजे जिभाऊंना कुठलंही वाहन चालवता येत नव्हतं. सायकलसुद्धा नाही. हे मला तिथे कळलं आणि खडूच्या रेघेचा सगळा सूड मी त्या एका दिवसात उगवून घेतला. म्हणजे ट्रॅक्टर चालवून बघणार कोण, तर बाच. चालता येत नसलं तरी पेडल दाबण्याएवढा जोर पायात आहे, हे त्यांनी खाटेवरून जिभाऊंच्या तळहातावर पाय दाबून सिद्ध केलं.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं एक, उजव्याचं एक. शेतात वळताना एकच दाबायचं. रस्त्यावर दोन्ही एका कडीने जोडायची, म्हणजे दोन्ही चाकं सारखी थांबतात. काही आठवड्यांनी, पहिल्या चाचणीला, आम्ही दोघी पुन्हा गेलो होतो. जिभाऊंनी कडी लावली, बा चढल्या, खळ्याच्या सपाट जागेत ट्रॅक्टर ऐटीत निघाला. जिभाऊ ओरडले, "दबावो!" बांनी दाबलं. डावं चाक जागच्या जागी थांबलं, उजवं निसटत राहिलं, आणि बा सगळ्या ट्रॅक्टरसकट गर्रकन डावीकडे वळून शेणाच्या उकिरड्यात शिरल्या.

आम्ही धावलो. बा स्टिअरिंग धरून, कमरेपर्यंत शेण उडालेल्या, हसत होत्या. इतक्या हसत होत्या की त्यांना खाली उतरवता येईना. हसमुखभाई यायच्या आत आम्ही तिघांनी ट्रॅक्टर धुतला, बांना आंघोळ घातली, उकिरडासुद्धा सारखा केला. पण वासाचं काय करणार! हसमुखभाई दारातच थबकले आणि त्यांनी सगळं ओळखलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी आईकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "जिभाऊ, दसऱ्यापर्यंत," ते म्हणाले. "दसऱ्याला कालव्याच्या उतारावर मध्येच थांबला तर राहील. नाही थांबला तर त्याच दिवशी हॉटेलवाला घेऊन जाईल."

दसऱ्याला तीन आठवडे होते. जिभाऊंनी उजवं चाक खोललं. लायनिंग तेलकट! त्यांना हायसं वाटलं. रोग सापडला होता. धुरीच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, आतलं ऑइल सील गळत असणार. नवं सील शोधून बसवलं, तेल प्यायलेलं लायनिंग फेकून दुसरं बसवलं. दोन दिवस ब्रेक झकास लागला. तिसऱ्या दिवशी पुन्हा निसटला. पुन्हा खोललं, पुन्हा तेल. सील बदललेलं, धुरी कोरडी ठणठणीत, मग तेल येतं कुठून? जिभाऊ घरी येऊन भाकरी चिवडत बसायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, माले वाटस, माग गया तसा मन्हा हातबी गया." मी नुसती चहा ठेवायला उठले.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. मी आणि वहिनी पुन्हा गेलो होतो. जिभाऊ तिसऱ्यांदा चाक खोलून, ड्रम मांडीवर घेऊन सुन्न बसले होते. वहिनींनी बांना मोडक्या गुजरातीत विचारलं, रोज काय काय करतात हो हे? बांनी सरळपणे सांगायला सुरुवात केली. सकाळी येतो, चपला काढतो, ट्रॅक्टरला हात लावून कपाळाला लावतो, मग ती लांब चोचीची कुप्पी घेऊन उजवीकडून सुरुवात करून सगळीकडे तेल वाहतो, मग कामाला लागतो.

जिभाऊंनी मान वर केली.

"सगळीकडे?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे," बा म्हणाल्या. "चाकाच्या आत दांडा जातो ना, तिथेसुद्धा. उजवीकडे जास्त. तिथे कुप्पी भरलेली असते ने."

ब्रेकच्या दांड्याच्या भोकातून ते थेंब रोज सकाळी आत ओघळत होते, थेट नव्या लायनिंगवर. ज्या हातांनी तीन वेळा ब्रेक बसवला, त्याच हातांनी रोज सकाळी तो बिघडवला होता. मागांच्या शेडमधला पस्तीस वर्षांचा नेम, जिभाऊंच्या नकळत.

"पण बा, तुम्ही बोलल्या का नाहीत?" मी ओरडलेच.

बा गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. "मने थयुं, आ एनी पूजा हशे," त्या म्हणाल्या. त्याची पूजा असेल असं वाटलं. कुणाच्या पूजेत कसं बोलायचं?

मग जिभाऊंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडताहेत. ड्रम मांडीवरून गडगडत गेला आणि जिभाऊ मागे हात टेकून असे हसले, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. बा हसल्या, वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. डोळे पुसून जिभाऊ उठले, कुप्पी उचलली आणि दोन्ही हातांनी बांना दिली. "बा, तुम्हारे पास राखो. कुलूपमां." बांनी ती स्वयंपाकघरातल्या कपाटात, लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. पुढचे चार दिवस सकाळी ट्रॅक्टरजवळ आले की जिभाऊंचा उजवा हात आपोआप कुप्पीसाठी वर यायचा आणि हवेतच थांबायचा. बा खाटेवरून कमरेची किल्ली वाजवून दाखवायच्या.

आता जिभाऊ आणि वहिनी अमळनेरकडे त्यांच्या गावी राहतात. फोन होतो, मिक्सर अजून बंद आहे असं कळतं. पण जिभाऊंची आठवण निघाली की मला दिसतात ते त्या दसऱ्याचे जिभाऊ.

कालव्याच्या बांधावर ट्रॅक्टर उभा होता. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू, सगळं झालेलं. बांधाच्या खालच्या बाजूला हॉटेलवाल्याचा टेम्पोही आलेला, दोरखंडासकट. बा चढून बसल्या, गुडघ्यांवरची पानं त्यांनी त्या दिवशी काढून टाकली होती. हसमुखभाईंनी हातात लाकडाचा मोठा ओंडका घेतला होता, वेळ आली तर चाकाखाली सारायला. आणि जिभाऊ उतारावर मध्यभागी, ट्रॅक्टरच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

"खस, अल्या!" बा वरून ओरडल्या. "बाजूला हो!"

जिभाऊ हलले नाहीत. वहिनींनी माझा दंड इतक्या जोरात धरला की दोन दिवस वण होता.

ट्रॅक्टर उतरायला लागला. हसमुखभाई चाकाबरोबर वाकून धावत होते. मला बांचा चेहरा दिसत होता, ओठ घट्ट मिटलेले. मग त्यांनी पाय दाबला. ट्रॅक्टर डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही. सरळ, नाक खाली करून, जिभाऊंपासून दोन हातांवर उभा राहिला. एंजिन चालू होतं आणि ट्रॅक्टर उतारावर तसाच उभा होता. आणखी थोडा वेळ गेला, तरी उभाच.

हसमुखभाईंनी हातातला ओंडका उचलून कालव्यात फेकला. टेम्पोवाल्याने न सांगताच टेम्पो वळवला.

बा मुलाकडे बघत नव्हत्या. त्यांनी जिभाऊंना हात केला, "चाल, बेसी जा."

जिभाऊंनी मागे वळून पाहिलं. त्या कुणाला बोलावताहेत हे त्यांना कळेना. सगळी हयात त्यांनी यंत्रांच्या बाजूला उभं राहून काढली होती. दुरुस्त केलेल्या यंत्रावर येऊन बस, असं त्यांना आजवर कुणी म्हटलंच नसावं. बांनी मडगार्डच्या पत्र्यावर थाप मारली. "तने ज कहुं छुं!" तुलाच म्हणतेय!

मग जिभाऊंनी चपला काढल्या, वाटेच्या कडेला नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी वर चढले. एका हाताने धोतर, दुसऱ्या हाताने पत्रा धरून बसले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला एकदम रडू आलं. बांनी पाय उचलला. उतार संपला, पायवाट संपली आणि दोघं उसात शिरली. ऊस डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळे क्षणात दिसेनाशी झाली. नुसता आवाज लांब जात होता, वळत होता, पुन्हा जवळ येत होता आणि पुन्हा लांब जात होता. वहिनी कालव्यावरून हाका मारत होत्या, श्रीखंड-पुरीचं जेवण थांबलंय म्हणून. ऐकणार कोण! मी खाली जाऊन जिभाऊंच्या चपला उचलून आणल्या, त्यांची माती झटकली आणि वहिनींशेजारी बांधावर बसले. त्या चपला परत जिभाऊंच्या पायांत जायला पाऊण तास लागला.